सेकची छेदिका कुठे सापडते?

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतल्या मराठी घरांत दहावीचं वर्ष सुरू झालं की गणिताच्या वहीत एक गोंधळ हमखास येतो. वर्तुळाच्या धड्यात ‘वृत्तछेदिका’ येते आणि शिकवणीत तिलाच ‘सेकंट’ म्हणतात. त्रिकोणमितीच्या धड्यात ‘सेक’ येतो आणि त्याचंही पूर्ण नाव ‘सेकंट’च. विद्यार्थी विचारतो, एक रेषा आणि एक संख्या यांचं नाव एकच कसं? त्याला बहुधा असं उत्तर मिळतं की नावं जुळली आहेत एवढंच, दोन्हींचा संबंध काही नाही. सेक म्हणजे एक भागिले कॉस, पाठ करून टाक. हा सल्ला सोयीचा आहे, पण चुकीचा आहे. सेक हे वृत्तछेदिकेवरच्या एका तुकड्याचं माप आहे, आणि हे एकदा आकृतीत दिसलं की वर्तुळाचं एक प्रमेय, त्रिकोणमितीचं एक सूत्र आणि ‘सेक ९० अंश का नसतो’ यासारखे चार-पाच प्रश्न एकाच वेळी निकालात निघतात. ही आकृती कशी काढायची, तिच्यातून काय वाचायचं आणि कुठे घसरायचं नाही, ते पुढे क्रमाने दिलं आहे.

आधी तीन वस्तू वेगळ्या करा

दोन्हींचा संबंध आहे म्हणून दोन्ही एकच, असं मात्र समजू नका. निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा:

- वृत्तछेदिका ही रेषा आहे. ती वर्तुळाला दोन भिन्न बिंदूंत छेदते आणि दोन्ही बाजूंना हवी तितकी वाढते. म्हणून तिला लांबी नसते.
- जीवा हा त्या रेषेचा वर्तुळाच्या आत सापडलेला तुकडा. त्याला लांबी असते.
- सेक ही निव्वळ संख्या आहे. काटकोन त्रिकोणात कर्ण भागिले कोनालगतची बाजू. सेंटीमीटरला सेंटीमीटरने भागल्यामुळे तिला एकक उरत नाही.

याशिवाय समांतर रेषांच्या धड्यात नुसती ‘छेदिका’ भेटते, ती दोन रेषांना छेदणारी. तिचा वर्तुळाशी काही संबंध नाही. प्रश्नात वर्तुळ आहे की नाही एवढं पाहिलंत तरी ही भानगड मिटते.

एक आकृती काढा, मोजा

पाच सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ घ्या. केंद्राला ‘म’ म्हणा. केंद्रातून उजवीकडे आडवी त्रिज्या काढा. ती वर्तुळाला जिथे मिळते तो बिंदू ‘स’. या ‘स’मधून त्रिज्येला लंब अशी उभी रेषा काढा. ती स्पर्शिका झाली. आता ‘म’पाशी कोनमापक ठेवून आडव्या त्रिज्येशी ६० अंशांचा कोन करणारी रेषा काढा. ती वर वर्तुळाला ‘क’मध्ये छेदेल आणि पुढे जाऊन स्पर्शिकेला ‘प’मध्ये मिळेल. तीच रेषा केंद्राच्या मागे खाली वाढवा, म्हणजे ती वर्तुळाला पुन्हा ‘ख’मध्ये छेदेल. वर्तुळाला ‘क’ आणि ‘ख’ या दोन बिंदूंत छेदणारी रेषा, म्हणजे ही वृत्तछेदिका. ती केंद्रातून जाते एवढंच तिचं वेगळेपण.

पट्टी लावून ‘म’पासून ‘प’पर्यंतचं अंतर मोजा. दहा सेंटीमीटर भरेल. त्रिज्या पाच होती, म्हणजे गुणोत्तर २. हाच सेक ६० अंश. कोन ४५ केलात तर ‘मप’ साधारण ७.०७ सेंटीमीटर येईल, गुणोत्तर १.४१४, ३० अंशांना ५.७७, गुणोत्तर १.१५५. कोष्टकात पाठ केलेल्या किमती तुम्ही पट्टीने मोजून काढल्या. त्रिज्या एक एकक घेतली तर भागाकारही करावा लागत नाही. केंद्रापासून स्पर्शिकेपर्यंत छेदिकेवर जेवढं अंतर, तेवढा सेक. आणि स्पर्शिकेवरचा ‘सप’ हा तुकडा जेवढा, तेवढा टॅन. थॉमस फिंक या डॅनिश गणितज्ञाने १५८३ साली आपल्या भूमितीच्या ग्रंथात टॅन्जंट आणि सेकंट ही दोन नावं रूढ केली ती याच आकृतीवरून: एक तुकडा स्पर्शिकेवरचा, दुसरा छेदिकेवरचा. भागाकाराची व्याख्या आपण आधी शिकतो, त्यामुळे तीच मूळ वाटते.

याच आकृतीतून आणखी दोन गोष्टी वाचून घ्या. स्पर्शिकेवरचा ‘स’ सोडला तर तिचा प्रत्येक बिंदू वर्तुळाच्या बाहेर असतो, म्हणून ‘मप’ त्रिज्येपेक्षा लहान असूच शकत नाही. लघुकोनासाठी सेक कधीही एकपेक्षा कमी येत नाही, त्याचं कारण एवढंच. दुसरी गोष्ट, कोन वाढवत न्या. ८० अंशांना सेक ५.७६, ८५ अंशांना ११.४७, ८९ अंशांना सुमारे ५७.३. म्हणजे पाच सेंटीमीटरच्या या छोट्या वर्तुळात ८९ अंशांचा ‘प’ केंद्रापासून सुमारे २.८६ मीटरवर, वही सोडून, टेबल सोडून भिंतीवर कुठेतरी सापडेल. आणि ९० अंशांना छेदिका स्पर्शिकेला समांतर होते. दोघी भेटतच नाहीत, म्हणून ‘प’ नाही, म्हणून सेकही नाही. शून्याने भागता येत नाही हे कारण बरोबरच आहे, पण समांतर रेषा डोळ्यांना दिसतात.

सूत्र आणि प्रमेय एकच आहेत

आता मुख्य मुद्द्यावर या. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या भूमितीत, वर्तुळाच्या प्रकरणात स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय आहे: बाहेरच्या बिंदूतून एक स्पर्शिका आणि एक वृत्तछेदिका काढली, तर स्पर्शिकाखंडाचा वर्ग हा छेदिकेवरच्या बाहेरच्या तुकड्याच्या आणि पूर्ण तुकड्याच्या गुणाकाराएवढा असतो. त्याच पुस्तकात पुढे त्रिकोणमितीत सूत्र येतं: एक अधिक टॅनचा वर्ग बरोबर सेकचा वर्ग. मधल्या प्रकरणांमुळे ही दोन विधानं एकमेकांपासून लांब पडली आहेत, आणि विद्यार्थी ती दोन वेगळ्या गोष्टी म्हणून पाठ करतात. आपल्या आकृतीत ती शेजारी आणून ठेवा. कोन ६० असताना ‘मप’ दहा. म्हणून बाहेरचा तुकडा ‘पक’ १० वजा ५, म्हणजे ५. पूर्ण तुकडा ‘पख’ १० अधिक ५, म्हणजे १५. गुणाकार ७५. स्पर्शिकाखंड ‘पस’ ८.६६ भरतो, त्याचा वर्ग ७५. प्रमेय जुळलं. आता त्रिज्या एक मानून तेच अक्षरांत लिहा: पूर्ण तुकडा म्हणजे सेक अधिक एक, बाहेरचा तुकडा म्हणजे सेक वजा एक. दोघांचा गुणाकार सेकचा वर्ग वजा एक. डावीकडे टॅनचा वर्ग. म्हणजे सूत्र हे केंद्रातून जाणाऱ्या छेदिकेपुरतं लिहिलेलं प्रमेयच आहे.

यावर कुणी म्हणेल की सूत्र पायथागोरसवरून दोन ओळींत सिद्ध होतं, मग एवढा वळसा कशाला? खरं आहे, ‘मसप’ हा काटकोन त्रिकोण घेतलात तरी तेच मिळतं, आणि परीक्षेत सिद्धता तशीच लिहावी. पण पायथागोरस त्या एका त्रिकोणापुरता बोलतो. प्रमेय त्याहून पुढे जातं: छेदिका केंद्रातून गेली नाही तरी त्याच ‘प’मधून काढलेल्या प्रत्येक छेदिकेसाठी तो गुणाकार ७५च राहतो. छेद कसाही घ्या, गुणाकार बदलत नाही. ही गोष्ट ज्याला कळली त्याला दोन छेदिकांचं प्रमेय वेगळं शिकावं लागत नाही.

वर्तुळाच्या आत दोन जीवा छेदतात तेव्हाही हाच नियम चालतो, आणि आपल्याकडे तो जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, कमळाचं एक उदाहरण आहे: पाण्यावर अर्धा हात डोकावणारं कमळ वाऱ्याने कलून दोन हातांवर बुडतं, तर पाणी किती खोल? कमळाच्या मुळापाशी केंद्र आणि देठाएवढी त्रिज्या असं वर्तुळ मनात आणा. पाण्याचा पृष्ठभाग ही त्याची जीवा. देठातून जाणारा उभा व्यास तिला मधोमध छेदतो, म्हणून तिचे दोन्ही तुकडे दोन-दोन हात: २ गुणिले २ म्हणजे ४. हा गुणाकार अर्धा गुणिले व्यासाच्या उरलेल्या भागाएवढा. उरलेला भाग ८, पूर्ण व्यास साडेआठ, देठ सव्वाचार हात, पाणी पावणेचार हात. भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. सुरतेतल्या खानदेशी घरांना ते ठिकाण नवं नाही.

संध्याकाळी डुमसच्या किनाऱ्यावर उभे राहिलात तर समोर क्षितिज दिसतं. तुमच्या डोळ्यांपासून तिथपर्यंतची नजर ही पृथ्वीची स्पर्शिका, आणि पायाखालून सरळ पृथ्वीच्या केंद्रातून जाणारी रेषा ही छेदिका. बाहेरचा तुकडा डोळ्यांची उंची, समजा दीड मीटर. पूर्ण तुकडा पृथ्वीचा व्यास, सुमारे १२,७४२ किलोमीटर, आणि वर तो दीड मीटर. गुणाकाराचं वर्गमूळ काढा: साधारण ४.४ किलोमीटर. तीस मीटर उंच गच्चीवरून पाहिलं तर साडेएकोणीस. हवेमुळे प्रकाश किंचित वाकतो, तो हिशेब यात धरलेला नाही. उंची वीसपट झाली आणि नजर फक्त साडेचारपट लांब गेली, कारण मधे वर्गमूळ आहे.

‘सेक नसला तर काय अडतं?’

हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. गणनेपुरतं म्हणाल तर काहीच अडत नाही. साध्या वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर सेकचं बटण नसतं. कॉसने भागलं की काम झालं. आर्यभटापासूनची आपली ज्योतिषगणिताची परंपरा ज्या (साइन), कोज्या (कॉस) आणि उत्क्रमज्या (एक वजा कॉस) यांवरच चालली, सेकचं स्वतंत्र कोष्टक तिने ठेवलं नाही. पण जिथे कॉसने पुन्हा पुन्हा भागावं लागतं, तिथे सेक हाताशी असणं सोयीचं ठरतं. याचं एक उदाहरण तुमच्या खिशातच आहे. मोबाइलवरचे बहुतेक सपाट नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. त्यांत कुठलीही जागा तिच्या अक्षांशाच्या सेकइतकी ताणली जाते. सुरतेचा अक्षांश सुमारे २१.१७ अंश, त्याचा सेक १.०७, म्हणजे विषुववृत्ताच्या प्रमाणात सुरत लांबी-रुंदीत सात टक्के मोठी दिसते. लंडन ५१.५ अंशांवर, तिथे सेक १.६. असे नकाशे अचूक आखायला एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञाने थोड्या थोड्या अंतराने सेकच्या किमतींची बेरीज करत कोष्टक बनवलं आणि १५९९ साली पुस्तकात मांडलं. नऊ वर्षांनी, १६०८ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या विल्यम हॉकिन्सचं ‘हेक्टर’ जहाज सुरतेला लागलं. दर्यावर्दी माणसाला सेक हवा होता.

उदाहरणात सेक केव्हा निवडायचा

नियम एका वाक्यात: आडवी बाजू ठाऊक आहे आणि तिरपी बाजू हवी आहे, तर सेकने गुणा. तापीवरच्या केबल ब्रिजची तिरपी दोरखंडं डोळ्यांपुढे आणा. समजा एक केबल खांबापासून ६० मीटरवर रस्त्याला जोडली आहे आणि रस्त्याशी ३० अंशांचा कोन करते. (आकडे गणितासाठी घेतलेले आहेत, पुलाचे नव्हेत.) केबलची लांबी ६० गुणिले १.१५५, म्हणजे सुमारे ६९.३ मीटर. खांबावर ती किती उंचीवर बांधली हे हवं असेल तर टॅन, ३४.६ मीटर. केबलची लांबी दिली आणि आडवं अंतर विचारलं, तर मात्र कॉस. तिन्ही प्रश्न एकाच त्रिकोणावरचे आहेत. काय दिलंय आणि काय हवंय एवढंच बदलतं.

सुरतेच्या मुलांना याहून जवळचं उदाहरण हिऱ्याचं. मार्सेल तोलकोव्स्की यांनी १९१९ मध्ये गोल हिऱ्यासाठी जी मापं मांडली, त्यांत तळियाचा, म्हणजे खालच्या निमुळत्या भागाचा, कोन ४०.७५ अंश आहे. साडेसहा मिलिमीटर व्यासाचा गोल हिरा घ्या, म्हणजे साधारण एक कॅरेट. अर्धा व्यास ३.२५ मिलिमीटर. ४०.७५ अंशांचा टॅन ०.८६२, म्हणून तळियाची खोली २.८ मिलिमीटर, व्यासाच्या ४३.१ टक्के, हा आकडा हिऱ्याच्या बाजारात ओळखीचा आहे. आणि कडेपासून टोकापर्यंत तिरप्या पैलूची लांबी हवी तर सेक: ३.२५ गुणिले १.३२, म्हणजे ४.२९ मिलिमीटर. घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसलेला रत्नकलाकार अर्थातच सेक काढत बसत नाही. तो कोन सांभाळतो आणि लांबी आपोआप येते. पण वडील हिऱ्याच्या कारखान्यात असतील तर मुलाला टॅन आणि सेक यांतला फरक पुस्तकातल्या शिडीपेक्षा या तळियावर लवकर पटेल.

इथे पाय घसरतो

- पूर्ण तुकड्याऐवजी जीवा घेणे. ही सगळ्यांत महागडी चूक. स्पर्शिकाखंड १२, बाहेरचा तुकडा ८ असेल तर १४४ भागिले ८, म्हणजे १८ हा ‘प’पासूनचा पूर्ण तुकडा. जीवा हवी असेल तर त्यातून ८ वजा करा: १०. बरेच जण १८ हीच जीवा म्हणून उत्तर लिहितात. दोन्ही तुकडे ‘प’पासूनच मोजायचे असतात.
- उलट कॉसला सेक समजणे. कॅल्क्युलेटरवर कॉसच्या डोक्यावर उणे एक लिहिलेलं बटण कोन सांगतं. ०.५ घालून ते दाबलं तर ६० येईल. सेक ६० मात्र १ भागिले ०.५, म्हणजे २.
- जोड्या बदलणे. सेक कॉसचा व्यस्त आणि कोसेक साइनचा. ‘को’ला ‘को’ जुळवायचा मोह होतो, तिथेच फसगत होते. छेदिका आडव्या त्रिज्येशी कोन करते हे आठवलं की सेकची जोडी लगतच्या बाजूशीच लागते.
- सेकची किंमत ३ छेद ५ काढणे. लघुकोनासाठी असं उत्तर आलं तर पुढे जाऊ नका, मागची ओळ तपासा.
- प्रत्येक छेदिका केंद्रातून नेणे. सेकच्या आकृतीत ती केंद्रातून जाते, प्रमेयाला ती अट नाही. आकृतीत केंद्र दाखवलेलं नसेल तर स्वतःहून गृहीत धरू नका.

बोर्ड बदलत असाल तर

सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांबरोबर मराठीतही चालतात, पण पुढे दहावीला अभ्यासक्रम गुजरात बोर्डाचा. तिथे गणिताची मांडणी एनसीईआरटीची आहे: वर्तुळाच्या धड्यात छेदिकेची ओळख होते, पण भर स्पर्शिकेवर असतो. त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते आणि बाहेरच्या बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका समान असतात, ही तिथली दोन मुख्य प्रमेयं. स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय महाराष्ट्राच्या पुस्तकात आहे, एनसीईआरटीच्या दहावीच्या धड्यात नाही. त्यामुळे नववीनंतर नंदुरबार, धुळे किंवा जळगावला परतणाऱ्या मुलाने शाळा सुरू होण्याआधी हे प्रमेय आणि जीवांचं प्रमेय करून घ्यावं. वरची एक आकृती त्याला पुरते. उलट दिशेने सुरतेला येणाऱ्या मुलाला हे प्रमेय जास्तीचं ठरेल, पण वाया जाणार नाही. सेकची सूत्रं दोन्हीकडे सारखीच आहेत. अकरावीला विज्ञान घेणाऱ्यांना ही रेषा तिसऱ्यांदा भेटते, वक्रावरच्या दोन बिंदूंतून जाणारी छेदिका म्हणून. ते दोन बिंदू जवळ आणत नेले की तिचीच स्पर्शिका होते आणि तिच्या चढाला विकलज म्हणतात.

उत्तरपत्रिकेत मांडणी आणि नंतरचे हक्क

सेकचं सूत्र सिद्ध करायला सांगितलं तर पायथागोरसचीच वाट धरा, परीक्षकाला ती सवयीची आहे. दुसरी वाट घेतलीत तर वापरलेल्या प्रमेयाचं नाव आणि ‘छेदिका केंद्रातून जाते’ ही अट स्पष्ट लिहा, कारण बरोबर पर्यायी रीतीला गुण मिळतात ते तिच्या पायऱ्या वाचता आल्या तरच. आकृती पेन्सिलने, बिंदूंची नावं प्रश्नातलीच. निकालात गुण अनपेक्षितपणे कमी आले तर मुदत चुकवू नका. गुजरात बोर्डात दहावीसाठी गुणचकासणीचा अर्ज निकालानंतर ठरवून दिलेल्या दिवसांत करावा लागतो. महाराष्ट्रात गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन या तीन वेगळ्या सोयी आहेत, आणि पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. गुणपडताळणीत बेरीज आणि तपासायचं राहून गेलेलं उत्तर पाहतात, उत्तराचं मोल पुन्हा ठरवत नाहीत. तुमची तक्रार ‘माझी रीत बरोबर असूनही गुण दिले नाहीत’ अशी असेल, तर छायाप्रत मागवून ती गणिताच्या शिक्षकांना दाखवा आणि मगच पुढच्या अर्जाचं शुल्क भरा.